दाजींची बॅटरी

आमच्या दाजींना अंधाराची भीती वाटते, असं म्हटलेलं त्यांना खपत नाही. त्यांचं म्हणणं, ‘मला उजेडाची आवड आहे.’ पुण्यात ही आवड फुकटात भागते. जिन्यात दिवा, लिफ्टमध्ये दिवा, पार्किंगमध्ये आपण पाऊल टाकलं की आपोआप पेटणारा दिवा, आणि काहीच नाही तर फ्रीजचं दार आहेच. पण दाजींचं मूळ गाव एरंडोल आणि पारोळ्याच्या मधलं. तिथे वडिलोपार्जित जमीन आहे, ती त्यांचे चुलतभाऊ नाना कसतात आणि दर हिवाळ्यात फोन करतात, ‘भरीत खायला या.’ दाजी दर हिवाळ्यात आजारी पडतात. यंदा ताईने आजार सुरू व्हायच्या आत तिकिटं काढली आणि सोबत म्हणून मला दिलं. सोबत म्हणजे काय, ते मला पहिल्या रात्री कळलं: दाजींना बाथरूमपर्यंत पोचवून दाराबाहेर अखंड बोलत उभा राहणारा माणूस.

दाजींच्या सामानात कपडे कमी आणि बॅटऱ्या जास्त होत्या. एक डोक्याला बांधायची, एक खिशातली, एक मोठी, जिचा झोत म्हणे अर्धा किलोमीटर जातो. गाडीच्या डब्यात सगळ्यांनी दिवे मालवले तेव्हा त्यांनी खिशातली काढून वर्तमानपत्र वाचायला घेतलं. समोरच्या बर्थवरचे आजोबा म्हणाले, ‘अहो, पेपर उलटा आहे.’

उजाडायच्या आधी जळगावला उतरलो. हे जंक्शन आहे, सुरतेकडचा फाटा इथूनच निघतो, त्यामुळे फलाटावर रात्र अशी होतच नाही. दाजी खूश. रिक्षावाल्याशी गप्पा मारताना मी सहज विचारलं, ‘इकडे रात्रीबिरात्री फिरायला भीती नाही ना?’ तो मागे वळून माझ्याकडे पाहत म्हणाला, ‘रात्रीची काय भीती भाऊ? मे महिन्यात दुपारी येऊन दाखवा.’

त्याचं म्हणणं पुढे दिवसभर मला पटत गेलं. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेला की जळगाव-भुसावळकडे दुपारी रस्ते ओस पडतात, दुकानांची शटरं अर्धी खाली येतात आणि माणसं घरात कूलरसमोर दडी मारून बसतात. जीव बाहेर येतो तो सूर्य बुडाल्यावर. गच्चीवर अंथरुणं पडतात, बाजेवर गप्पा रंगतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा रात्रभर जागरण आणि गाणी चालतात. म्हणजे खानदेशात काळोखाशी घरोबा आहे आणि वैर सूर्याशी. जुन्या बायाही मुलांना दटावतात ते ‘भर दुपारी बाराला विहिरीकडे जाऊ नको’ म्हणून. तिथली भुतंसुद्धा दिवसपाळी करतात. मी हे दाजींना उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, ‘म्हणजे दुपारीपण?’

बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला. नदीकाठी विद्यापीठ लागतं, 2018 पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. पाळधी गेलं, एरंडोल आलं आणि तिथून पुढे आतल्या रस्त्याला लागलो. गावी पोचेपर्यंत दाजींची छाती फुगलेली होती, कारण अजून ऊन होतं.

भरिताबद्दल चार ओळी लिहिल्या नाहीत तर नाना मला पुन्हा बोलावणार नाहीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे पुण्यातले लोक कागदावर वाचतात. खरं मानांकन शेतात मिळतं. पांढुरक्या हिरव्या रंगाचं, दंडाएवढं वांगं कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळात टाकायचं, साल काळी पडून सुटायला लागली की काढायचं, सोलायचं आणि लाकडी भांड्यात मुसळाने हिरव्या मिरच्या-लसणासकट ठेचायचं. वर कांद्याची पात, शेंगदाणे आणि हात आखडता न घेता तेल. सोबत पुऱ्या, आणि कळण्याची भाकरी. जाळ होता तोवर दाजी राजासारखे बसले होते. त्यांनी भूत ही संकल्पना कशी अशास्त्रीय आहे यावर एक छोटं व्याख्यान दिलं, नरेंद्र दाभोलकरांचं नाव घेतलं, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अमावस्येच्या रात्री स्मशानात जाऊन कसे बसतात तेही सांगितलं. मग जाळ विझला आणि व्याख्यानही विझलं.

तेवढ्यात नाना घड्याळाकडे पाहून उठले. ‘चला, लाईट यायची वेळ झाली. गव्हाला पाणी भरायचं आहे.’

इथे एक गोष्ट शहरातल्या वाचकांना सांगायला हवी. आपल्याकडे लाईट जाते. शेतात लाईट येते. पंपाला थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. ज्या आठवड्यात रात्रपाळी येईल त्या आठवड्यात शेतकऱ्याने गुडघाभर थंडीत आणि घोटाभर चिखलात पाणी धरत फिरायचं. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य सरकारने 2017 साली सौर कृषी वाहिनी योजना आणली. जिथे ती पोचली तिथला शेतकरी रात्री झोपतो. नानांच्या डीपीपर्यंत ती आलेली नव्हती. म्हणजे ज्या अंधाराबद्दल आपण दिवाणखान्यात बसून मानसशास्त्र बोलतो, त्याच अंधारात या माणसाची हजेरी लागते.

दाजी ‘मी इथे निखाऱ्यांवर लक्ष ठेवतो’ म्हणाले. पण निखाऱ्यांजवळ एकटं बसणं आणि अंधारात तिघांनी चालणं यातलं दुसरं त्यांना सुरक्षित वाटलं असावं. डोक्याला बॅटरी, हातात अर्ध्या किलोमीटरची बॅटरी, अशा थाटात ते आमच्या मध्ये आले. पुढे राहिलं तर समोरून भीती, मागे राहिलं तर पाठून. मधली जागा त्यांनी फार शास्त्रशुद्ध रीतीने निवडली होती.

बांधावर विहिरीजवळ पिंपळ होता. दाजींच्या झोताने त्याची एकेक फांदी तपासली. त्यांच्या लहानपणी त्यावर मुंजा राहायचा. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो अशी समजूत. घरच्यांनी इतक्या वर्षांत त्याचं वय वाढू दिलेलं नव्हतं. झोत पानांवर पडला की पानं चमकायची आणि झोताबाहेरचं सगळं जग डांबरासारखं काळं व्हायचं. दाजी जितका उजेड पाडत होते तितका अंधार वाढत होता.

नाना वैतागून अहिराणीत म्हणाले, ‘भाऊ, ती बॅटरी बंद कर. तुनामुये माले काही दिसत नही.’ तुझ्यामुळे मलाच काही दिसेना!

बॅटरी बंद झाली. दाजींनी माझा दंड पकडला, तो भरिताचं वांगं असता तर तिथेच सोलला गेला असता. पहिली काही मिनिटं खरोखर काही दिसलं नाही. मग बांध दिसला. मग पाण्याची चकाकी. आणखी काही वेळाने नानांचा पंचा, गव्हाच्या ओळी, लांबची बाभळ. डोळ्यांच्या पडद्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आठ-दहा मिनिटांत आपली हद्द गाठतात, आणि अंधारातल्या कामाच्या दंडपेशींना पुरतं जागं व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. मधेच कोणी मोबाईल पेटवला की त्यांचा रोडॉप्सिन नावाचा रंगद्रव्यसाठा उडतो आणि मोजणी पुन्हा एकपासून. अंधाराला घाबरणारा माणूस दर दोन मिनिटांनी बॅटरी लावतो, म्हणून त्याला अंधारात कधीच दिसत नाही, म्हणून तो पुन्हा बॅटरी लावतो.

‘त्या पिंपळाखाली कोणीतरी आहे,’ दाजी पुटपुटले. ‘सरळ पाहिलं की जातो. नजर वळवली की येतो.’

मलाही दिसलं. हे भुतांचं जुनंच वैशिष्ट्य आहे, डोळ्याच्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि पाहायला गेलं की नाहीसं व्हायचं. गंमत अशी की आपण टक लावून पाहतो तेव्हा प्रतिमा पडद्याच्या ज्या मध्यबिंदूवर पडते तिथे दंडपेशी नसतातच. मंद तारा सरळ पाहिला तर दिसत नाही आणि जरा बाजूला पाहिलं की दिसतो, तो याच कारणाने. नानांना पेशी ठाऊक नव्हत्या, पण पद्धत ठाऊक होती. ‘त्याच्याकडे नका पाहू, त्याच्या बाजूला पाहा, आणि पाहत राहा.’ आम्ही दोघं मुंजाच्या शेजारी पाहत राहिलो. हळूहळू त्याला दोन बाह्या फुटल्या, खाली काठी फुटली, आणि तो नानांनी रानडुकरांसाठी उभं केलेलं बुजगावणं निघाला. अंगात दाजींचाच जुना शर्ट होता. ताईने तो देऊन टाकल्याचं त्यांना तेव्हा कळलं आणि भीतीची जागा तात्पुरती रागाने घेतली.

पण नाना बेफिकीर होते असं कोणी समजू नये. चालताना ते काठी जमिनीवर आपटत होते, मधूनच उगाच खाकरत होते, कमरेला मोबाईलवर गाणी लावलेली होती. पायात गमबूट होते. ओल्या हाताने स्टार्टरला शिवायचं नाही, हा त्यांचा नियम. मण्यार रात्रीच फिरते, हे त्यांना माहीत होतं. बिबट्याचं नाव निघालं तेव्हा त्यांनी गाण्याचा आवाज वाढवला. 2017 साली शेजारच्या चाळीसगाव तालुक्यात एका बिबट्याने बरीच माणसं मारली होती, डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत गावंच्या गावं संध्याकाळी दारं लावून बसायची. ती भीती वेडगळ नव्हती. टांझानियातल्या सिंहांच्या माणसांवरच्या हल्ल्यांच्या 1988 ते 2009 या काळातल्या नोंदी क्रेग पॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या, तेव्हा दिसलं की हल्ले सर्वांत जास्त होतात ते पौर्णिमेनंतरच्या रात्रींत, जेव्हा संध्याकाळ होऊनही चंद्र उगवायला उशीर असतो. 2011 साली हे छापून आलं. आपल्या पूर्वजांनी तेच लाखो वर्षं शरीरावर लिहून ठेवलं होतं. अडचण एवढीच की अंगातली ही भीती बिबट्या, मण्यार, उघडी वायर आणि मुंजा या सगळ्यांना एकाच भावात विकते.

नानांनी ती निवडून घेतली होती. दाजींच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, ‘सापना भ्याव धर, मुंजाना सोडी दे.’ मानसोपचार करणारे यालाच पायरीपायरीने सामोरं जाणं म्हणतील, त्याचे तक्ते बनवतील, आणि ते तक्ते बरोबरही असतील: आधी दार उघडं ठेवून बसा, मग किलकिलं, मग बंद, आणि भीती वर चढून आपोआप उतरेपर्यंत पळू नका. नानांचा तक्ता गव्हाच्या वाफ्यांचा होता. त्यांनी दाजींना शेवटच्या वाफ्याचं तोंड फोडायला एकट्याला पाठवलं. दाजी गेले. जाताना मारुतिस्तोत्र म्हणत होते, येताना शर्टाबद्दल बोलत होते.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला. पारोळा, मुकटी, धुळे. दाजी खिडकीतून उगाच सगळीकडे तिरक्या नजरेने पाहत होते, तेव्हा कंडक्टरने त्यांना दोनदा विचारलं, ‘काही हरवलं का?’

मारुतिस्तोत्राचा विषय निघालाच होता, तर धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर पाहणं भाग होतं. महाराष्ट्रातल्या पोरांना अंधारात चालायला लावणारं हे स्तोत्र रामदासांचं, आणि रामदासी बाडं मठामठांतून गोळा करण्यात आयुष्य घालवणारे शंकर श्रीकृष्ण देव धुळ्याचे. 1893 साली त्यांनी सत्कार्योत्तेजक सभा काढली. त्या हस्तलिखितांसमोर दाजी हात जोडून उभे राहिले; जुन्या औषधाच्या कारखान्याला गिऱ्हाईकाने भेट द्यावी तसे.

तिथून तुरुंगाच्या रस्त्याने गेलो. बाहेरूनच पाहिला, आत जायची दाजींची तयारी नव्हती आणि माझी पात्रता. याच तुरुंगात 1932 साली 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेचा एकेक अध्याय सांगत होते आणि साने गुरुजी भराभर उतरवून घेत होते. सोळाव्या अध्यायाचा रविवार 5 जूनला आला. दैवी गुणांच्या यादीत पहिला नंबर अभयाचा. विनोबांनी त्या गुणांची फौज मांडली, आघाडीला अभय उभं केलं आणि पिछाडीला नम्रता. धुळ्याचा जून, तुरुंगाच्या भिंती, आणि विषय निर्भयपणा! ऐकणाऱ्यांना उदाहरणं शोधायला लांब जावं लागलं नसेल. दाजींना मात्र या फौजेतला मधला भाग सगळ्यात सुरक्षित वाटला.

रात्री लॉजवर शेवभाजी खाऊन वर आलो आणि पंधरा मिनिटांत वीज गेली. मजल्यावर ओरडाओरड सुरू झाली. कोणाचं मूल रडायला लागलं, कोणी मेणबत्ती मागत होतं, मोबाईलचे झोत भिंतींवर नाचू लागले. तेवढ्यात व्हरांड्यातून दाजींचा आवाज आला, ‘सगळ्यांनी मोबाईल बंद करा! वीस मिनिटं थांबा, सगळं दिसेल. एकदम सरळ पाहू नका, बाजूला पाहा.’ त्यांच्या आवाजात असं काही होतं की लोकांनी खरंच मोबाईल बंद केले. एक लग्नाचं वऱ्हाड, दोन औषधविक्रेते आणि एक भजनी मंडळ अंधारात ओळीने उभं राहून एकमेकांच्या शेजारी पाहू लागलं. दाजी फेऱ्या मारत दंडपेशींची प्रगती सांगत होते. वऱ्हाडातल्या एका आजीबाईंना जिन्याचा कठडा दिसला, तेव्हा टाळ्या पडल्या.

एकोणिसाव्या मिनिटाला वीज आली. व्हरांड्यातल्या सगळ्या ट्यूब एकदम पेटल्या, सगळ्यांनी डोळे गच्च मिटले, आणि दाजी जिन्यातून खाली वाकून जिवाच्या आकांताने ओरडले, ‘अरे बंद करा ते दिवे! एक मिनिट राहिलं होतं!’

मॅनेजर वर आला. त्याने दाजींकडे नीट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आमची दोघांची आधारकार्डं पुन्हा एकदा मागितली.