हिरव्या कोटातले माजी

मास्टर्सचा माजी विजेता ऑगस्टाला जिंकायला येतो असं म्हणणं म्हणजे माजी आमदार सत्काराला नारळासाठी येतो असं म्हणण्यासारखं आहे. हवा असतो तो मान. आणि मानाची एवढी चोख व्यवस्था जॉर्जिया राज्यातल्या या गोल्फ क्लबाइतकी क्वचितच कुठे असेल. १९३४ साली सुरू झालेली ही स्पर्धा एकदा जिंकली की पुढे जन्मभर खेळायचं आवतण. जन्मभर म्हटल्यावर समोरच्याने थोडा संकोच करायचा असतो, पण हे गोल्फच्या नियमपुस्तकात कुठे लिहिलेलं नाही.

आपला हा गृहस्थ तीसेक वर्षांपूर्वी एका रविवारी जिंकला. त्या दिवशी त्याचा भरकटलेला चेंडू झाडाला आपटून आपसूक फेअरवेवर आला आणि आघाडीवरच्याचा पाण्यात गेला. हकीकत सांगताना तो दुसऱ्याचं पाणी ठेवतो, आपलं झाड गाळतो.

ओळखायचा कोटावरून. हिरवा कोट, पितळी बटणं, छातीवर क्लबाचं बोधचिन्ह. जिंकल्यावर वर्षभर तो घरी नेता येतो. नंतर क्लबात जमा करायचा आणि तिथल्याच आवारात घालायचा. त्यामुळे हा दर एप्रिलला येऊन आधी कोटाला भेटतो. कोट होता तेवढाच असतो. हा बटण लावायला जातो, श्वास आत घेतो, आजूबाजूला पाहतो आणि ‘उकडतंय’ म्हणून बटण सोडून देतो.

कोटापायी मोठमोठ्यांनी खोड्या केल्यात. १९६१ चा विजेता गॅरी प्लेअर कोट दक्षिण आफ्रिकेला घेऊन गेला, तो परत आणलाच नाही. क्लबाचे सर्वेसर्वा क्लिफर्ड रॉबर्ट्स यांचा फोन आला, तेव्हा म्हणाला, या की, घेऊन जा! उलट जॅक निकलस. १९६३ मध्ये त्याला दिलेला कोट इतका ढगळ निघाला की त्याने दुसऱ्याचा मागून वेळ भागवली. त्याच्या मापाचा कोट क्लबाने दिला तो १९९८ साली. तोवर पठ्ठ्याने स्पर्धा सहा वेळा जिंकली होती.

स्पर्धेच्या आठवड्यात मंगळवारी रात्री माजींची पंगत. बेन होगनने १९५२ साली पाडलेली प्रथा: पदार्थ गेल्या वर्षीच्या विजेत्याने ठरवायचे, बिलही त्यानेच भरायचं. माजी विजेत्याला यातला उत्तरार्ध फार आवडतो. १९८९ मध्ये सँडी लाइल स्कॉटिश घागरा नेसून आला आणि त्याने सगळ्यांना हॅगिस वाढलं. हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज नि फुप्फुस ओटमध्ये कालवून शिजवलेलं. १९९८ मध्ये टायगर वूड्सने चीजबर्गर आणि मिल्कशेक ठेवले. असल्या वेळी आपला गृहस्थ कौतुकाने मान डोलावतो, एक घास चाखतो आणि वेटरला हळूच खूण करून क्लबाचं नेहमीचं स्टेक मागवतो. बिलात तेही येतं.

गुरुवारी मात्र खेळावं लागतं. इथे त्याची तक्रार रास्त आहे, हे मला मान्य केलंच पाहिजे. १९९७ मध्ये हे मैदान ६,९२५ यार्डांचं होतं, २०२५ मध्ये ७,५५५. लांब मारणाऱ्या पोरांना वेसण घालायला होल मागे नेले. पोरं आणखी लांब मारू लागली आणि फास बसला तो म्हाताऱ्याला. पोरं दुसरा फटका लहानशा आयर्नने मारतात तिथे हा लांब पल्ल्याचा ‘वुड’ काढतो.

“वारा उलटा आहे का रे?”

“नाही, सर,” कॅडी म्हणतो.

“वर असणार.”

चेंडू अलीकडेच पडतो. वर वारा होता हे सिद्ध होतं.

२००२ मध्ये क्लबाने तीन वयोवृद्ध माजींना पत्रं धाडली की आता खेळू नका. त्यांतला एक बिली कॅस्पर, १९७० चा विजेता. तीन वर्षांनी, त्र्याहत्तराव्या वर्षी, हा बाबा पुन्हा टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, हजर. सोळावा होल तीन फटक्यांचा. कॅस्परने पाच चेंडू तळ्यात घातले आणि चौदा फटक्यांत होल पुरा केला. एकूण झाले १०६. इतके फटके मास्टर्सच्या एका फेरीत कुणालाच लागले नव्हते. पण त्याने स्कोअरकार्ड दिलंच नाही, सरळ खिशात घातलं. त्यामुळे दप्तरी हा विक्रम नाही. मला या प्रकारात शंभर टक्के विजेता दिसतो.

अर्थात सगळेच असे नसतात. बर्नहार्ड लँगर सदुसष्टाव्या वर्षी, २०२५ मध्ये, शेवटचा खेळला आणि एका, फक्त एका फटक्याने पुढच्या फेरीला मुकला. असा माणूस आपल्या गृहस्थाला अजिबात आवडत नाही. उगाच अपेक्षा वाढतात.

ज्यांचं खेळणं खरोखर थांबलं, त्यांतल्या काही थोरांसाठी क्लबाने आणखी एक सोय ठेवली आहे. गुरुवारी सकाळी पहिल्या टीवरून एकेक मानाचा फटका मारायचा आणि स्पर्धा सुरू झाली म्हणायचं. तिथे प्लेअर, निकलस आणि टॉम वॉटसन उभे असतात. प्लेअर चेंडू मारतो, पोरासारखा पाय हवेत उडवतो आणि कुणाचा कुठे पडला ते बघतो. निकलसच्या नावावर सहा मास्टर्स, प्लेअरच्या तीन. पण हा मानाचा फटका आपलाच पुढे जातो, हे प्लेअर न विचारताही सांगतो.