सक्षमीकरणाचा परवाना
गावाचे सक्षमीकरण करायचे तर आधी जिल्ह्याच्या ठिकाणी सभागृह लागते. मग फलक, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ. पहिल्या चहाच्या आत कुणी 'सामाजिक भांडवल' म्हटले नाही, तर कार्यशाळा झाली असे धरत नाहीत. या भांडवलावर बँक कर्ज देत नाही, एवढे सोडले तर ते फार मौल्यवान.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने मात्र भलताच क्रम लावला. आधी ग्रामसभा, तिथे बहुमताने नव्हे तर सर्वांच्या संमतीने निर्णय, जोडीला अभ्यासगट. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू हे गौण वनोपज, म्हणजे गावाच्या हक्काचे, असल्याचे स्वच्छ लिहिले आहे. पण वनखात्याची श्रद्धा १९२७ च्या वन कायद्यावर, आणि त्यात बांबू झाडांत मोडत होता. त्यामुळे वाहतूक परवाना मिळेना. जंगलात उभा असेपर्यंत बांबू गावाचा, बैलगाडीत चढला की खात्याचा!

शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. एका पुस्तकासाठी दोन सरकारे! खात्याचा एखादा शिपाईही ते आणून देऊ शकला असता. पण मग सक्षमीकरणाचा फोटो कसा निघणार?

गावांसाठीच्या कार्यशाळा खुशाल चालू द्या. फक्त एखादी वनखात्यासाठीही ठेवा, आणि व्याख्यानाला ग्रामसभेला बोलवा.