बोकडाचे कान

पेंढा भरलेल्या जनावराला डोळे विकत मिळतात, काचेचे. कान मात्र त्याचे त्यालाच परत द्यावे लागतात, आणि जनावर मेल्याची बातमी सगळ्यात आधी कानच फोडतात. कच्चा राहिलेला कान वाळताना आकसतो, कडेने वळतो, मग चांगला रुबाबदार बोकड कायमचा रुसलेला दिसतो.

आमच्या बीबी गावात जनावरात पेंढा भरायचा हा छंद सुरू करायचा म्हणजे आधी कायदा बघावा लागतो. शिवारात रोही, म्हणजे नीलगायी, रात्रभर हरभरा खातात, तोवर त्यांचा मालक कोणी नसतो. तेच रोही मेलेलं सापडलं की १९७२च्या वन्यजीव कायद्यानं सरकारी मालमत्ता होतं. त्यामुळे मी खाटकाकडे गेलो.

"कान मुळापासून पाहिजेत, केसांसकट."

"भाऊ, मुंडी नेणारे पाह्यले, पाय नेणारे पाह्यले," तो म्हणाला. "कानाचा भाव काय लावू?"

काम ऐकायला सोपं आहे. कानाच्या पाठीकडची कातडी आतल्या कूर्चेपासून सोडवायची आणि उशीचा अभ्रा उलटावा तसा कान आतून बाहेर काढायचा. पाठीची कातडी शहाण्यासारखी सुटते. आतली बाजू भावकीतल्या बांधासारखी हटून बसते, असं म्हणणार होतो, पण भावकीत निदान तलाठी तरी येतो. हत्यार बोथट लागतं. मी कुल्फीची काडी वापरली. अगदी कडेपर्यंत पोचावं लागतं, कारण कडेला मीठ मुरलं नाही की तिथं कुजायला लागतं आणि केस गळतात. मग मीठ, तुरटी, आणि वाळताना दोन्ही बाजूंनी पुठ्ठा. पुठ्ठा धरायला दोरीवरचे चिमटे. आईच्या साड्या दोन दिवस वाऱ्यावर होत्या.

मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारे डॉ. संतोष गायकवाड हेच काम वाघ-सिंहांवर करतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ साली त्यासाठी केंद्र निघालं. म्हैसूरच्या व्हॅन इंजेन मंडळींनी तर संस्थानिकांच्या वाघांचे कान पिढ्यान्‌पिढ्या ताठ ठेवले आणि १९९९ साली दुकान बंद केलं. हे सगळं मी आजीला मोठ्या उत्साहानं सांगितलं.

"त्यात काय," आजी म्हणाली. "आमची वगार मेली तवा तुह्या आजोबानं कातड्यात कुटार भरलं अन् म्हशीपुढं ठिवलं. म्हशीनं चाटलं, पान्हा सोडला. पुरा हंगाम दूध पेलो."

"आणि कान?"

"कान कायले पायजे? वास पायजे."

मला वाटतं, आजोबांचं काम बोरिवलीपेक्षा अवघड होतं. संग्रहालयात लहान पोरांना फसवायचं असतं, आजोबांना प्रत्यक्ष आईला फसवायचं होतं.

माझे कान मात्र झकास झाले. उस्मानाबादी, काळे, लोंबते. बैठकीत टीव्हीशेजारी मांडून ठेवले. रविवारी संध्याकाळी मेहकरचे मामा आले. त्यांनी चष्मा लावला, कान हातात घेतले, उलटसुलट केले.

"काम चांगलं आहे. पण बाकीचा बोकड?"

आई पातेलं घेऊन आतून आली. "बसा जेवायला."