रबरी हातमोजे

11 नोव्हेंबर 2022, शुक्रवार. तव्यावर भाकरी होती आणि फोन वाजला. बंगळूरहून चिरंजीव. कामाच्या दिवशी दिवेलागणीला त्याचा फोन आला की आधी माझ्या पोटात गोळा येतो, मग मी हॅलो म्हणते.

"आई, ॲश जिंकला!"

मला 'आशिष' ऐकू आलं. आमच्या सोसायटीतले एक आशिष तेव्हा कमिटीच्या निवडणुकीला उभे होते.

"किती मतांनी?" मी विचारलं.

पलीकडे शांतता. मग, "अगं, पोकेमॉनमधला ॲश! जगज्जेता झाला. पंचवीस वर्षांनी!" अठ्ठावीस वर्षांच्या बाप्याचा आवाज एकदम चौथीतला झाला होता. मी ऐकत राहिले आणि भाकरी करपली.

चिरंजीव चौथीत असताना आमच्या घरी कार्टून नेटवर्कवर हिंदी बोलणारा ॲश केचम यायचा. तो आला की गृहपाठ थांबायचा, जेवण थांबायचं, एकदा तर दारात आलेले आजोबा थांबले होते. चिप्सच्या पाकिटातून टॅझो नावाच्या चकत्या निघायच्या. पाकीट टॅझोसाठी फोडलं जायचं आणि चिप्स आम्ही दोघं नवरा-बायको संपवायचो. त्या काळात घरात वजन कुणाचं वाढलं, हे वेगळं सांगायला नको.

ॲश दहा वर्षांचा आणि चिरंजीवही दहा वर्षांचे. फरक एवढाच, की त्याच्या गावात मूल दहा वर्षांचं झालं की पोकेमॉन नावाचे प्राणी पकडायला आणि झुंजवायला एकट्यानं जगभर हिंडू शकतं, आणि आम्ही आमच्याला कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला पाठवताना गॅलरीतून बघत उभे राहायचो.

मी स्वयंपाकघरातून अर्ध्या डोळ्यानं बघायची. माझं लक्ष त्या पोरापेक्षा त्याच्या आईकडे. पहिल्याच भागात हा पठ्ठ्या झोपेत गजराचं घड्याळ फोडतो, उशिरा उठतो आणि रात्रीच्याच कपड्यांत पहिला पोकेमॉन घ्यायला प्रोफेसर ओक यांच्याकडे धावतो. तोवर बल्बासॉर, चार्मँडर आणि स्क्वर्टल हे तिघंही लवकर उठणाऱ्या मुलांनी नेलेले असतात. उरतो पिकाचू. पिवळा, गुबगुबीत आणि हात लावला की शॉक देणारा. तेवढ्यात आई बॅग भरून तिथे हजर! बॅगेत कपडे, खाऊ, धुणं धुवायला नवेकोरे रबरी हातमोजे आणि वाळत घालायला दोरी.

ती दोरी बघून मी पोळपाट-लाटणं सोडून बाहेर आले. जपानी बाई असली म्हणून काय झालं? मुलगा जग जिंकायला निघालाय आणि हिला काळजी त्याची धुतलेली बनियन कुठे वाळणार याची. पुढे आठ वर्षांनी चिरंजीव इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलला निघाले तेव्हा त्यांच्या बॅगेत मीही चिवडा, लाडू, चिमटे आणि दोरी घातली. चिवडा-लाडू दोन दिवसांत संपले. दोरी चार वर्षांनी वेष्टनासकट परत आली.

ॲशनं मात्र आईच्या दोन्ही वस्तू लगेच वापरल्या. हातमोजे चढवले, कारण पिकाचू शॉक देतो. दोरी पिकाचूच्या अंगाभोवती बांधली आणि त्याला फरफटत गावाबाहेर काढलं. घरात आलेल्या नव्या जिवाशी सगळेच पहिल्यांदा असं वागतात. हातमोजे घालायचे आणि ओढायचं.

त्याच भागाच्या शेवटी चवताळलेल्या स्पिअरो पक्ष्यांचा थवा मागे लागतो. ॲश मिस्टी नावाच्या मुलीची सायकल उचलून पळतो, ती सायकल नंतर जळून कोळसा होते (मिस्टी तिच्या भरपाईसाठी पुढे कितीतरी भाग त्याच्या मागे हिंडते, आणि ते मला एकदम पटलं होतं). पाऊस कोसळत असतो. पिकाचू जखमी होऊन पडलेला. हा येडा हात पसरून त्या थव्यासमोर उभा राहतो. दोरी नाही, काही नाही. तेव्हा कुठे पिकाचू उठतो आणि मालकासाठी पहिल्यांदा वीज पाडतो.

ही मालिका जपानमध्ये 1 एप्रिल 1997 ला सुरू झाली. तिकडे ॲशचं नाव सातोशी. मूळ व्हिडिओ गेम ज्यांच्या डोक्यातून आला ते सातोशी ताजिरी, त्यांचंच नाव. ताजिरींना लहानपणी किडे पकडायचा नाद होता. शहर वाढलं, शेतं-तळी गेली, किडेही गेले, आणि त्या हरवलेल्या नादातून 1996 चा गेम आला. म्हणजे मुळात हा सगळा प्रकार काड्यापेटीत भुंगा ठेवणाऱ्या मुलाचा. आमच्याकडेही काड्यापेट्या होत्या. एकदा मी देवापुढे निरांजन लावायला काड्यापेटी उघडली आणि आतून कुणीतरी माझ्याकडे बघितलं.

ॲशची पुढची कारकीर्द प्रगतिपुस्तकासारखी मांडायची तर अशी: कान्टो प्रदेशाच्या लीग स्पर्धेत पहिल्या 16 मध्ये, जोहटोत 8 मध्ये, होएनला पुन्हा 8 मध्ये, सिनोत 4 मध्ये, युनोव्हात परत 8 मध्ये, कालोसला उपविजेता. मधे ऑरेंज बेटांवरचा एक चषक पदरात पडला, पण मोठी लीग हुलकावणी देतच राहिली. हे आकडे बघून कुठल्याही क्लासवाल्या सरांनी पालकांना बोलावून घेतलं असतं. चार वरून पुन्हा आठवर? मुलाचं लक्ष कुठे आहे? शिवाय दर नव्या प्रदेशात निघताना हा जुने, तयार झालेले पोकेमॉन बहुधा ओक सरांकडे ठेवून फक्त पिकाचूला खांद्यावर घ्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. विक्रमासारखा. वेताळ झाडावर, हा झाडाखाली.

त्या पहिल्या लीगमधली हार मात्र मला अजून दिसते. चार्मँडर नावाचं एक पिल्लू असतं, शेपटीच्या टोकाला ज्योत. ती विझली तर तेही गेलं. मालकानं त्याला दगडावर सोडून दिलेलं, आणि ते भर पावसात त्याच मालकाची वाट बघत डोक्यावर पान धरून बसलेलं. ॲश आणि त्याचे मित्र त्याला वाचवतात. मग ते वाढतं, वाढता वाढता चारिझार्ड नावाचा पंखवाला धिप्पाड प्राणी होतं आणि कुणाचंही ऐकेनासं होतं. ॲशनं हाक मारली की हा त्याच्याच तोंडावर आग ओकतो. रिची नावाच्या मुलाबरोबरच्या ऐन सामन्यात तो चक्क आडवा होतो. ॲश ओरडतोय, पंच बघतायत, हा मात्र ढिम्म. हरला.

चौथीतल्या चिरंजीवांनी त्या रात्री जेवण नाकारलं. मला मात्र चारिझार्ड नीट कळला तो चिरंजीव अकरावीत गेल्यावर. बहुतेक पोकेमॉन फक्त स्वतःचं नाव उच्चारतात. पिकाचू 'पिका पिका' एवढंच म्हणतो आणि ॲशला सगळं समजतं. आमच्याकडे 'हं' एवढाच एक शब्द उरला होता. त्याचे मी चौदा अर्थ मोजले होते, आणि बहुतेक वेळा पंधरावाच निघायचा. मी याद्या करायची, वेळापत्रकं फ्रिजवर चिकटवायची, शेजारणीच्या मुलाचे मार्क जाताजाता सांगायची. रबरी हातमोजे आणि दोरी, दुसरं काय!

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी तो खोलीत जाऊन आडवा झाला. मी दाराबाहेरून तासभर बोलत होते. आतून 'हं'सुद्धा नाही. शेवटी दमले, स्वयंपाकघरात गेले, खोबरेल तेल कोमट केलं आणि दाराशी जाऊन एवढंच विचारलं, "डोक्याला तेल लावू?" बऱ्याच वेळानं कडी निघाली. तो येऊन माझ्यापुढे जमिनीवर बसला. अर्धी वाटी तेल जिरलं. मार्कांविषयी कुणीच बोललं नाही.

ऑरेंज बेटांवरच्या एका भागात चारिझार्ड लढताना बर्फानं गोठतो. शेपटीची ज्योत मिणमिणती. ॲश त्याला पांघरुणं घालतो, शेकोटी पेटवतो आणि रात्रभर आपल्या उघड्या हातांनी त्याचं थंडगार अंग चोळत राहतो. त्यानंतर चारिझार्ड त्याचं ऐकायला लागतो. पहिल्या भागात धुण्याचे हातमोजे घालणाऱ्या मुलाचं वय त्या रात्रीही दहाच होतं. मालिकेनं त्याचं वय पुढेही कधी हलवलं नाही. आपला चिंटू तरी कुठे मोठा झाला? पण माझ्या हिशोबी ॲश त्या रात्री मोठा झाला. लीग जिंकायला त्याला त्यानंतरही कितीतरी वर्षं लागली: 2019 च्या सप्टेंबरमध्ये अलोलाची लीग आणि मग 2022 मध्ये आधीच्या जगज्जेत्याला, लिऑनला, हरवून जगज्जेतेपद, तेही पिकाचूनं लिऑनच्या चारिझार्डला पाडून. मार्च 2023 मध्ये मालिकेनं त्याला निरोप दिला. जाताना तो पुन्हा पिकाचूला घेऊन चालायला लागला. करंडक घेऊन घरी बसला असता, तर आईला तरी ओळखू आला असता का?

त्या वर्षी दिवाळीला चिरंजीव घरी आले. रात्री टीव्हीसमोर जमिनीवर येऊन बसले आणि मागे न बघता म्हणाले, "आई, तेल लाव ना."

मी वाटी घेऊन बसले. टीव्हीवर टोपी घातलेला दहा वर्षांचा ॲश धावत होता, टोपीखालून केसांचे तेच टोकदार झुबके. माझ्या हाताखाली मात्र आता तेल फारसं लागेना. पूर्वी अर्धी वाटी जिरायची. आता दोन चमच्यांत भागलं.

"काय गं, थांबलीस का?" त्यानं विचारलं.

"हं," मी म्हटलं.