अठ्ठेचाळीस तासांचे देव

‘अगं, तू आहेस ना तिथे!’ या पाच शब्दांवर माझ्या मित्रमंडळींनी इटलीचा अख्खा दौरा आखला. हॉटेलचा प्रश्न सुटला, दुभाष्याचा सुटला, वाटाड्याचा सुटला. उरलं विमानाचं तिकीट. ते त्यांनी स्वतः काढलं, हे त्यांचे उपकार.

मी बोलोन्यात एम.ए. करते. इथल्या विद्यापीठाची स्थापना 1088 सालची मानतात आणि माझ्या खोलीतली खाटही साधारण त्याच सुमाराची असावी. त्या खाटेवर, खाटेखालच्या गादीवर आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मिळून तिघांची सोय लावली. माझी शाळेपासूनची मैत्रीण, तिचा हिशेबी नवरा आणि त्या दोघांचा एक फोटोवाला मित्र. चौथी मी. मी खुर्चीत. ‘तुला काय, सवय असेल,’ असं नवरोबा म्हणाले. खुर्चीत झोपायची सवय मला नेमकी कुठे लागली असावी, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकीणबाई खाली आल्या. हातात छापील अर्ज. आपल्याकडे अतिथी देवो भव. इटलीत युरोपीय संघाबाहेरचा देव घरी उतरला, तर 48 तासांच्या आत पोलिसांना लेखी कळवावं लागतं. कोण, कुठला, पासपोर्ट कोणता, उतरलाय कुठल्या मजल्यावर. 1998 च्या परदेशी नागरिकांच्या कायद्यातच तसं कलम आहे. नाही कळवलं तर 160 ते 1100 युरो दंड आणि तो पाहुण्याला नाही, यजमानाला. पाहुण्यांपायी भुर्दंड कुणाला पडतो, याची या देशाला अचूक जाण आहे.

‘किती दिवस?’ बाईंनी विचारलं. मी नऊ म्हणाले. त्यावर त्यांनी इथली एक म्हण ऐकवली: पाहुणा आणि मासा तिसऱ्या दिवशी वास मारतात. आपल्याकडेही तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली म्हणतातच. दोन संस्कृतींचं इतकं मनापासून जुळलेलं मी वर्गातसुद्धा पाहिलं नव्हतं. मैत्रिणीने विचारलं, ‘काय म्हणतायत गं काकू?’ मी सांगितलं, ‘मासे खाता का, विचारतायत.’ ‘छे छे, सांग त्यांना, आम्ही शुद्ध शाकाहारी!’

मग पिसा. बोलोन्याच्या ऐन मध्यावर गारिसेंदा नावाचा 48 मीटरचा बुरूज आहे. पिसाच्या मनोऱ्याइतकाच कललेला. दान्तेने आपल्या नरकखंडात त्याचा उल्लेख केलाय. 2023 मध्ये तो फारच धोक्याचा वाटू लागला म्हणून त्याच्याभोवती कुंपण घातलं. माझ्या घरापासून चालत सात मिनिटं. पण कुंपणामुळे त्याला तळव्याने टेकू देतानाचा फोटो नीट येत नाही. सबब पिसा. आजवर मी चारदा पिसाला गेले आहे आणि एकदाही स्वतःसाठी नाही.

तिथल्या हिरवळीवर शे-दोनशे माणसं हवेत पंजे रोवून उभी असतात. लांबून वाटतं, वादळात मांडव धरून ठेवलाय. ‘हात जरा खाली. अजून. आता मनोरा तुझ्या कानात शिरतोय,’ असा फोटोवाल्याचा घोष चालू होता. 1990 ते 2001 हा मनोरा बंद ठेवून तज्ज्ञांनी त्याच्या पायाखालची माती एका बाजूने काढली, तेव्हा कुठे तो हातभर मागे आला. आमच्या फोटोवाल्याने चाळीस मिनिटांत तो दोनदा पाडला आणि एकदा मैत्रिणीच्या डोक्यावर टोपीसारखा ठेवला. मनोऱ्याकडे पाठ करूनच सगळे परत निघाले. आत काय आहे, कुणी विचारलं नाही.

परतीच्या गाडीत तपासनीस आला. इथे साध्या गाडीचं कागदी तिकीट घेतलं की ते फलाटावरच्या यंत्रात ठोकून घ्यावं लागतं. मी तसं तीनदा सांगितलं होतं. ‘पैसे भरलेत ना? मग यंत्राला कशाला दाखवायचं?’ हा नवरोबांचा सिद्धान्त. तो त्यांनी दोन्ही हात वापरून तपासनिसाला समजावला. तपासनिसानेही दोन्ही हात वापरून दंडाची पावती फाडली. दंड मग मोबाइलवरच्या हिशेबात चौघांत वाटला गेला. माझं तिकीट ठोकलेलं होतं. ‘गटाचा खर्च आहे,’ असं कळलं.

राहिलं जेवण. ‘स्पॅगेटी बोलोनीज’ नावाचा पदार्थ बोलोन्यात मिळत नाही, हे पाहुण्यांना सांगणं म्हणजे कोल्हापुरात कोल्हापुरी चप्पल नाही म्हणण्यासारखं. इथे ताल्यातेल्ले मिळते, रागूसोबत आणि रागू म्हणजे खिमा. तेव्हा मैत्रिणीसाठी पर्याय एकच: पार्मेजान. पास्त्यावर पार्मेजान, पावावर पार्मेजान, रात्री अकराला उंबऱ्यावर बसून नुसतं पार्मेजान. तिचा गुरुवारही त्यावरच पार पडला.

आता मला एक गोष्ट ठाऊक होती. खऱ्या पार्मेजानचं दूध नुसतं विरजून भागत नाही. ते वासराच्या जठरातल्या रेनेटनेच फाडावं लागतं. तसा नियमच आहे, दुसरं काही वापरलं तर ते नाव लावता येत नाही. पहिल्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. पण तेव्हा ती तिसरा तुकडा मोडत म्हणाली, ‘बाई गं, काय सात्त्विक चव आहे!’ आणि माझी वेळ टळली. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं, तर कालच्याचं काय, हा प्रश्न आला असता. पाचव्या दिवशी तर मी प्रायश्चित्ताला गोमूत्र कुठे मिळेल, याचाही विचार करून पाहिला.

नवव्या दिवशी स्टेशनवर सोडायला गेले. मिठ्या झाल्या. फोटोवाल्याने आमचे सगळ्यांचे फोटो काढले, त्यात मी अर्धी आले. ‘आता तू ये हं पुण्याला, आमच्याकडेच उतरायचं,’ असं मैत्रीण म्हणाली. तिचे आईवडील, सासूसासरे आणि ती दोघं दोन खोल्यांत राहतात, तेव्हा बोलणं मनापासूनचं असावं.

मग तिने पिशवी उघडून दाखवली. हवाबंद पाकिटात पार्मेजानचा किलोभराचा तुकडा, चोवीस महिने मुरवलेला.

‘आजेसासूबाईंना नेतेय. आषाढी येतेय ना. ताकसुद्धा बाहेरचं घेत नाहीत बिचाऱ्या. दूधच आहे नुसतं, उपासाला चालेल ना गं?’

मी फलाटावरच्या फलकाकडे पाहिलं. गाडीला चार मिनिटं होती.

‘पळा,’ मी म्हणाले, ‘आणि तिकीट ठोका आधी.’