कॅप्टन, व्हाया आर्णी रोड

यवतमाळ जिल्ह्यानं महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. दोन्ही पुसदचे, दोन्ही एकाच घरातले. आता जिल्ह्यानं वैमानिक पुरवायचं मनावर घेतलंय. मुख्यमंत्री व्हायला मतं लागतात, वैमानिक व्हायला साठ-सत्तर लाख रुपये. त्यातलं दुसरं जमवणं सोपं, असं आर्णी रोडला लागून ज्यांची दोन एकर आहे त्यांचं मत पडलंय. पोरगा आधी पुण्याला इंजिनिअरिंगला जायचा, मग रशिया-युक्रेनला डॉक्टर व्हायला जाऊ लागला. २०२२ साली तिकडं तोफा धडाडल्या आणि आमच्या पालकांनी नकाशावरचं बोट डावीकडं सरकवलं. ते समुद्र ओलांडून थेट फ्लोरिडात जाऊन थांबलं.

माझे एक कृषी केंद्रवाले मित्र आहेत. धाकटा बारावी झाला, फिजिक्स-गणित घेऊन झाला, आणि घरात कुणालाही न विचारता कॅप्टन झाला. म्हणजे व्हॉट्सअॅपच्या डीपीपुरता. "भाऊ, तुमाले इंग्रजी समजते. चाला माह्या संग," असं म्हणून मित्रानं मला एका हॉटेलच्या हॉलमध्ये नेलं. तिथं 'परदेशात वैमानिक व्हा' असा मोफत मार्गदर्शन मेळावा होता. या गावात मोफत मार्गदर्शनाची खुर्ची रिकामी राहिल्याचं मी पाहिलेलं नाही.

पोस्टरवर बोइंग होतं, तेही ढगांच्या वर. शिकवणार होते सेस्ना १५२ वर. हे दोन माणसांचं विमान कंपनीनं १९८५ सालीच बनवायचं थांबवलं, म्हणजे सभागृहातल्या बहुतेक वडलांच्या लग्नाआधी. विमान जुनं असण्यात वावगं काही नाही. नीट निगा राखली तर ते शिकवायला फार गुणी आहे. फक्त पोस्टरवर त्याचा फोटो नव्हता. मंचावरच्या साहेबांच्या खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या होत्या. मित्रानं आदरानं विचारलं, "साहेब, तुमी कोन्तं इमान चालवता?" साहेब म्हणाले, "सर, मी काउन्सेलिंग हेड आहे."

मग प्रश्नोत्तरं झाली. जेवण शाकाहारी आहे का. जैन मिळेल का. थंडी किती. एका काकांचा साळा न्यू जर्सीत आहे, म्हणून त्यांना फ्लोरिडाचीच शाळा हवी होती, पोराकडं कुणाचं लक्ष राहील. न्यू जर्सी तिथून दीड हजार किलोमीटर. त्यापेक्षा यवतमाळहून दिल्ली जवळ पडते. पण अमेरिकेत नातेवाईक असला की तो अख्ख्या अमेरिकेत असतो. दुसऱ्यानं विचारलं, शिकता शिकता पोरगा पार्टटाइम काम करेल का. साहेब म्हणाले, "ऑफकोर्स, खूप स्कोप आहे." तिकडं अशा व्यावसायिक शिक्षणाला बहुधा एम-१ व्हिसा मिळतो. त्यावर शिकत असताना पेट्रोल पंपावर गाडी पुसायचीही परवानगी नसते. पण हॉल एसी होता आणि समोसे आले होते.

एकच प्रश्न कामाचा आला. तो तिसऱ्या रांगेतल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षिका बाईंनी विचारला. त्यांच्या मुलीला पायलट व्हायचंय. आपल्या देशात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे, त्यामुळे यात नवल नाही. नवल प्रश्नाचं होतं.

"विमानं किती आहेत?"

"मॅडम, वी हॅव अ लार्ज फ्लीट."

"लार्ज म्हणजे किती?"

"सफिशियंट."

"मुलं किती आहेत? शिकवणारे किती?"

"मॅडम, हे आपण वन-टू-वन बोलू."

बाई वहीत काहीतरी लिहीत राहिल्या. हजेरी घेणाऱ्या माणसाला 'सफिशियंट' हे उत्तर कुठल्या रकान्यात भरायचं ते कळत नाही.

सगळा धंदा त्या वहीत होता. आपल्या डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, कमर्शियल लायसनसाठी दोनशे तास उड्डाण लागतं. त्यात शंभर तास स्वतःच्या जबाबदारीवर, वीस तास लांब पल्ल्याचे, एक फेरी तीनशे नॉटिकल मैलांची, दहा तास खिडकीबाहेर न बघता नुसत्या काट्यांवर, पाच तास रात्रीचे. माहितीपत्रकात हे आठ-दहा महिन्यांत उरकतं. रोज एक तास मिळाला तर उरकतंही. पण शाळेत पोरं शंभर, विमानं दहा, त्यातली चार शेडमध्ये इंजिन उघडून बसलेली आणि शिकवणारा मास्तर स्वतःचे तास भरले की एअरलाइनमध्ये पळून जाणारा, असं असलं तर तीन दिवसांतून एकदा नंबर लागतो. म्हणजे दोनशे तासांना सहाशे दिवस. विमान उडो न उडो, खोलीचं भाडं मात्र रोज उडतं.

तासांची अजून एक गंमत आहे, ती मेळाव्यात सांगत नाहीत. या विमानांत हॉब्ज नावाचा मीटर असतो आणि बिल त्यावर होतं. इंजिन चालू झालं की तो पळायला लागतो, विमान हवेत असो की रांगेत. शाळा जर एखाद्या गजबजलेल्या विमानतळावर असेल, तर तुमचा मुलगा मोठ्या जेटच्या मागं नंबर लावून उभा राहतो. पंखा फिरतोय, मीटर फिरतोय, यवतमाळात बापाचं डोकं फिरतंय. आणि हे तास खोटेही नसतात. चाकं हलली की ते लॉगबुकात चढतात. तास भरतात, शिकणं भरत नाही. मेळाव्यात मात्र "आमची शाळा इंटरनॅशनल एअरपोर्टवर आहे" या वाक्याला टाळ्या पडल्या.

शेवटी परीक्षा. तिला तिकडं चेकराइड म्हणतात आणि ती घेणाऱ्या परीक्षकांची अमेरिकेत टंचाई आहे. तारीख मिळायला आठवडेच्या आठवडे जातात. तोवर हात बसलेला राहावा म्हणून पोरगा पुन्हा पैसे भरून उडत राहतो. त्यात फ्लोरिडात उन्हाळ्यातल्या दुपारी गडगडाट ठरलेला आणि जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम. माहितीपत्रकात मात्र ३६५ दिवस ऊन.

मित्र हे सगळं ऐकून म्हणाला, "एवढं कायले इचारत बसायचं भाऊ? इसवास पाहिजे मानसावर."

हा माणूस पंचवीस वर्षं कपाशीचं बियाणं विकतो. नऊशेच्या आसपासचं बीटीचं पाकीट घेताना शेतकऱ्याला तो स्वतः बजावतो: पक्कं बिल घे, रिकामं पाकीट अन् टॅग जपून ठेव, मूठभर बी बाजूला ठेव, सीझन संपेपर्यंत फेकू नको. पाकिटावरचं बोंड आणि शिवारातलं बोंड यांची गाठ पडतेच असं नाही, हे त्याला चांगलं ठाऊक. २०१७ ची गुलाबी बोंडअळी त्यानं काउंटरच्या मागून पाहिलीय. पण साठ लाखांच्या पाकिटावर टॅग आहे का, हे त्यानं विचारलं नाही. अर्ध्यात शाळा बंद पडली तर पैशाचं काय, फी एकदम भरायची की उडेल तसे हप्ते पाडता येतात, करारात परताव्याचं कलम कुठल्या पानावर आहे? पोस्टरवरचं बोंड मोठं होतं, एवढं त्याला पुरलं.

आधी मेडिकल कर, असं मी सांगितलं. क्लास टू, मग क्लास वन, आणि तेही डीजीसीएनं मान्य केलेल्या ठिकाणी. फी भरून झाल्यावर रंगांधळेपणा निघालेली पोरं या देशात कमी नाहीत. मित्राला राग आला. "माह्या पोराचे डोये कपाशीत मावा हुडकते," तो म्हणाला. मावा हिरवा असतो आणि पान पण हिरवं असतं, त्यामुळे हा पुरावा तसा भक्कम आहे. पण डीजीसीए तो मान्य करील असं वाटत नाही.

शिवाय तिकडचं लायसन इकडं जसंच्या तसं चालत नाही. बदलून घ्यावं लागतं, त्यासाठी इथं पुन्हा पेपर, पुन्हा तपासण्या. म्हणून शहाणी पोरं आधी इथं डीजीसीएचे पेपर काढतात आणि मगच बॅग भरतात. तिकडं विमानाला हात लावण्याआधी परदेशी विद्यार्थ्याची सुरक्षा तपासणी होते, बोटांचे ठसे घेतात; २००१ च्या ११ सप्टेंबरनंतरची ही देणगी. दोनशे तासांची घाई झालेल्यांसाठी वैमानिकांच्या जगात एक जुना मार्ग आहे, त्याला ते 'पार्कर पेनचे तास' म्हणतात. विमान उभं, पेन चालू. आपल्याकडं २०११ साली बनावट गुणपत्रिकांवर वैमानिक झालेले सापडले, तेव्हा निदान गुणपत्रिका तरी छापाव्या लागल्या होत्या.

"पन नौकरी तं पक्की हाय ना?" हे मित्राचं शेवटचं अस्त्र. पक्की आहे, काउन्सेलिंग हेडनं शंभर टक्के सांगितलंय. २०२३ साली डीजीसीएनं १,६२२ कमर्शियल लायसनं दिली, तोवरचा विक्रम. त्याच वर्षी एअर इंडियानं ४७० आणि इंडिगोनं ५०० विमानांची मागणी नोंदवली. त्याच वर्षी गो फर्स्ट बंदही पडली. त्याआधी २०१९ मध्ये जेट, त्याआधी २०१२ मध्ये किंगफिशर. कंपनी बसली की तिचे हजारो तास उडालेले वैमानिक त्याच रांगेत येतात जिथं आपला दोनशे तासांचा कॅप्टन नुकताच उभा राहिलाय. शिवाय लायसन मिळालं तरी एअरबस चालवायला टाइप रेटिंग लागतं; त्याचे लाख वेगळे. ही गोष्ट मेळाव्यात 'नंतर बघू' या सदरात होती.

मग इथंच शिकव की, असं म्हणायची सोय आहे, पण ती सोय बघून घ्यावी. डीजीसीएनं २०२५ साली देशातल्या विमानशाळांना पहिल्यांदाच श्रेणी लावली. वरचे दोन कप्पे, ए डबल प्लस आणि ए प्लस, मोकळेच राहिले. दहावीला शंभर टक्के वाटणाऱ्या देशात एवढी कंजुषी बरी नव्हे, पण मार्क लावले हेच पुष्कळ. परदेशातल्या शाळांना आपण मार्क देत नाही, त्यामुळे त्या सगळ्याच नंबर एक आहेत. विदर्भातच पाहायचं तर गोंदियाला बिरसीच्या धावपट्टीवर मोठी संस्था आहे. नागपूरचा फ्लाइंग क्लब स्वातंत्र्याच्या वयाचा. तो झोपतो, उठतो, परवानगीची वाट बघतो. सरकारच्या 'महाज्योती' संस्थेनं ओबीसी पोरांना त्याच क्लबातून पायलट करायची योजना काढली, ती पोरंही वाट बघायला शिकली. अमरावतीला बेलोऱ्यात एअर इंडियानं ३४ विमानांची, वर्षाला १८० वैमानिक घडवणारी शाळा जाहीर केलीय. अमरावतीला शाळा म्हटल्यावर यवतमाळकर फ्लोरिडाच पसंत करणार, हा भाग वेगळा.

आणि आपलं भारी. हो, जिल्ह्याला विमानतळ आहे, तो याच भारी गावात. शिकाऊ वैमानिकाला काय लागतं? पक्की धावपट्टी, वर्षातले आठ महिने निरभ्र आकाश आणि पुढं-मागं मोठं विमान नसलेली मोकळी हवा, म्हणजे हॉब्ज मीटर रांगेत फिरत नाही. भारीत पुढं-मागं तर सोडा, आजूबाजूलाही विमान नसतं. सरकारनं २००९ साली भारी, लातूर, नांदेड, बारामती आणि उस्मानाबाद या पाच धावपट्ट्या मिळून ६३ कोटींत ९५ वर्षांच्या पट्ट्यानं अनिल अंबानींच्या रिलायन्स समूहातल्या कंपनीला दिल्या. ९५ वर्षं म्हणजे २१०४ साल. मधे परत घेण्याच्या घोषणा झाल्या. घोषणांना धावपट्टी लागत नाही. २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांची सभा याच भारीच्या शिवारात झाली. लाखांनी माणसं आली, त्याच कार्यक्रमात वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे सुरू झाली. यवतमाळच्या अलीकडंच तिला थांबावंसं वाटलं. शकुंतला रेल्वे तर त्याआधीच थांबलेली. म्हणजे आमचा कॅप्टन फ्लोरिडाहून लायसन घेऊन आला, तरी नागपूरला उतरून ट्रॅव्हल्सनंच घरी यायचा, नाहीतर धामणगाव स्टेशनवरून शेअर जीपनं.

हे मी मित्राला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. मागच्या वर्षी गेलेला त्याचा भाचा पहिल्यांदा एकटा विमान उडवून उतरला होता. तिकडं रीत आहे, पहिली एकट्याची फेरी झाली की मास्तर पोराच्या शर्टाची पाठ कात्रीनं कापून भिंतीवर टांगतो. व्हिडिओ कॉलवर त्याची आई ओरडत होती, "काऊन फाडला बे थो? नवा होता! दिवाळीचा!" पोरगा हसत होता. त्या शर्टाच्या तुकड्यावर मार्करनं तारीख लिहिली होती आणि मित्राचे डोळे भरून आले होते. अशा वेळी हॉब्ज मीटरबद्दल कोण बोलणार. तरी मी बोललो.

शेवटी तो एवढ्यापुरता नमला की मी इंग्रजीत प्रश्न लिहून द्यावेत, तो शाळेला पाठवील. मी लिहिले: उडण्याजोगी विमानं किती, शिकवणारे किती, शिकणारे किती, गेल्या वर्षीच्या पोरांना दोनशे तासांना खरोखर किती महिने लागले, चेकराइडला किती थांबावं लागतं, फी हप्त्यानं घेता का आणि मधेच सोडलं तर परत काय मिळतं. गेल्या तुकडीतल्या दोन भारतीय मुलांचे फोन नंबरही मागितले.

उत्तर दहा मिनिटांत आलं. विमानांच्या संख्येबद्दल त्यात काही नव्हतं, हप्त्यांबद्दलही नव्हतं, नंबर तर नव्हतेच. पण मंगळवारच्या आत सीट बुक केल्यास दोन युनिफॉर्म, टाय आणि चार सोनेरी पट्ट्या मोफत मिळणार होत्या.

मित्रानं ते दोनदा वाचलं. मग चष्मा कपाळावर चढवून मला म्हणाला, "पाह्यलं ना भाऊ? पट्ट्या आत्ताच देऊन राह्यले. मंग तुमचे दोनशे तास कायले पाहिजे?"