पान निर्दोष, फूल गुन्हेगार

आपले कायदे घाईत केले जातात, त्यात बारकावा नसतो, असा आरोप अधूनमधून होत असतो. आरोप करणाऱ्यांनी १९८५ चा अंमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, एकदा शांतपणे वाचावा. भांगेच्या एकाच झाडाची त्यात जितकी चोख वाटणी झाली आहे, तितकी चार भावांत वडिलोपार्जित जमिनीचीही होत नाही. झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा आणि चीक म्हणजे चरस. हे दोघे गुन्हेगार. त्याच देठावरची पाने आणि बी फुलोऱ्यासोबत नसतील, तर ती त्या व्याख्येबाहेर, म्हणजे निर्दोष. पानांची भांग राजस्थानात आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याच्या दुकानांत मिळते. फुलोरा एक किलोपर्यंत सापडला तर तो ‘अल्प’ समजून एक वर्षापर्यंत कैद, आणि प्रमाण वीस किलोंच्या वर गेले की दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी. महाराष्ट्रात तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेच भांगेलाही परवान्याच्या दावणीला बांधले आहे. शेजाऱ्यांपेक्षा आपण नेहमीच अधिक जबाबदार राहिलो आहोत.

या कायद्याने आजारी माणसाचा विचार केलेला नाही, असे म्हणणे तर सरळ अन्याय आहे. कलम ८ मध्ये वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामासाठी स्पष्ट अपवाद ठेवला आहे. कलम २ मध्ये ‘औषधी गांजा’ची स्वतंत्र व्याख्याही आहे: या झाडाचा कोणताही अर्क किंवा टिंक्चर. म्हणजे ज्यांनी कायदा लिहिला, त्यांना या वनस्पतीपासून औषध होते हे ठाऊक होते आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले. पुढचा तपशील मात्र त्यांनी संयमाने टाळला. हे औषध कोणत्या डॉक्टरने, कोणत्या आजारासाठी, किती लिहून द्यायचे आणि ते कोणत्या दुकानात मिळायचे, असल्या गोष्टींनी रुग्णाला त्रास दिलेला नाही. आजारी माणसाला आधीच पुष्कळ कागदपत्रे सांभाळावी लागतात.

१९८५ हे साल या दृष्टीने फार मोलाचे. त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ड्रोनॅबिनॉलला मान्यता दिली. गांजातला मुख्य घटक प्रयोगशाळेत तयार करून त्याची गोळी केलेली; केमोथेरपीनंतर ज्या रुग्णांच्या उलट्या दुसऱ्या कशानेच थांबत नव्हत्या, त्यांच्यासाठी. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला आपला कायदा अमलात आला. बालदिन होता. पुढे २०१८ मध्ये त्याच अमेरिकी प्रशासनाने याच झाडातल्या कॅनाबिडिऑल या दुसऱ्या घटकाला मान्यता दिली. तो नशा देत नाही, आणि ती मान्यता होती मुख्यतः मुलांसाठी: ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या दोन प्रकारच्या अपस्मारांत दिवसाला कितीतरी वेळा आकडी येणाऱ्या मुलांसाठी. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये स्नायू ताठरतात, त्यावरचा तोंडात मारायचा फवारा ब्रिटनमध्ये २०१० पासून आहे. दीर्घकालीन वेदनांवरचे पुरावे मात्र मर्यादित आहेत, आणि पौगंडावस्थेत गांजा ओढणाऱ्यांना मनोविकारांचा धोका वाढतो, हेही खरे. इतर देशांनी ही दोन्ही सत्ये एकत्र हाताळण्याचा खटाटोप केला: मोजली, तोलली, डोस ठरवले. आपण दोन्हींपासून सारखेच अंतर राखले. निःपक्षपातीपणा याहून वेगळा काय असतो?

जुने दाखले देणारे लोक इथे हमखास कोलकात्याचे नाव काढतात. तिथल्या मेडिकल कॉलेजातल्या विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये गांजाच्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले. धनुर्वात, संधिवात आणि तान्ह्या मुलांच्या झटक्यांवर त्यांनी तो वापरून पाहिला होता, आणि पुढे तोच अर्क ते इंग्लंडला घेऊन गेले. तिथे तो १९३२ पर्यंत अधिकृत औषधकोशात होता. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने देशभर सुमारे बाराशे साक्षी घेतल्या. त्या काळी मुंबई इलाख्यातला गांजा मुख्यतः आपल्या अहमदनगरकडे पिकत असे. आयोगाने खंडामागून खंड लिहिले आणि सरसकट बंदी करू नये असे सांगितले. परकी सरकारने एवढे कष्ट घेतले, त्यांचा मान ठेवून आपण ते खंड जपून ठेवले आहेत. ते उघडून बघण्याचा मोह राज्यकर्त्यांनी टाळला, हेही संयमाचेच लक्षण.

पण या कायद्याची खरी थोरवी कळायची असेल, तर गांजा घटकाभर बाजूला ठेवून मॉर्फिनकडे बघावे लागते.

मॉर्फिन अफूपासून होते, आणि अफू आपण कायदेशीरपणे पिकवतो. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले परवानाधारक शेतकरी ती सरकारला देतात. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. इथली अफू परदेशांत जाते आणि तिथल्या रुग्णांच्या वेदना शमतात. १९८५ मध्ये देशात वैद्यकीय कामासाठी ७१६ किलो मॉर्फिन वापरले गेले होते. नवा कायदा आला. मग प्रत्येक राज्याचे निराळे नियम, एका बाटलीसाठी वेगवेगळ्या खात्यांचे परवाने, त्यांच्या निरनिराळ्या मुदती, आणि हिशोबात चूक झाली तर थेट तुरुंगाची भीती. औषध दुकानदारांनी ते ठेवणे बंद केले, रुग्णालयांनी मागवणे बंद केले, आणि डॉक्टरांची एक आख्खी पिढी ते हाताळायला न शिकताच पदवी घेऊन बाहेर पडली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत वापर १८ किलोंवर आला. कर्करोगाचे रुग्ण काही त्या प्रमाणात कमी झाले नव्हते. कमी झाले ते औषध. हाडापर्यंत पोचलेल्या कर्करोगात माणूस रात्रभर कसा ओरडतो, हे ज्यांनी शेजारच्या खोलीतून ऐकले आहे, त्यांना या यशाचे मोल आकड्यांत सांगावे लागणार नाही.

केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारखे काही लोक हे यश मानायला तयार नव्हते. वर्षानुवर्षे ते दिल्लीच्या पायऱ्या झिजवत राहिले. अखेर २०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती केली. ‘अत्यावश्यक अंमली औषधे’ असा एक वर्ग तयार झाला, सहा औषधांची यादी निघाली आणि परवान्यांचे जंगल तोडून एकच परवाना ठेवला गेला. म्हणजे शासनाला एकोणतीस वर्षे पुरली. औषधाला सुटसुटीत वाट करून देता येते, दुरुपयोगावर लक्षही ठेवता येते, आणि आभाळ कोसळत नाही, हे सगळे सिद्ध झाले. सिद्ध झालेली गोष्ट पुन्हा करून दाखवण्यात वेळ कशाला घालवायचा, म्हणून त्या यादीत गांजापासूनचे एकही औषध घातलेले नाही.

संशोधनाबाबतही आपली भूमिका तर्कशुद्ध आहे. या औषधाचा भारतीय रुग्णांवर पुरेसा अभ्यास झालेला नाही, म्हणून त्याला परवानगी देता येत नाही. आणि परवानगी सहजासहजी मिळत नाही, म्हणून अभ्यास होत नाही. जम्मूजवळच्या चाठा इथे सरकारी प्रयोगशाळेने सुमारे एक एकरावर या झाडाची संरक्षित लागवड केली आहे. एवढ्या मोठ्या देशासाठी एक एकर. तिथले शास्त्रज्ञ मनापासून काम करत आहेत, आणि त्यांना फार जमीन देऊन आपण त्यांची दमछाक केलेली नाही. डिसेंबर २०२० मध्ये व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे ठराव आला: गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या चौथ्या अनुसूचीतून काढावे, कारण त्याचे वैद्यकीय उपयोग आहेत. २७ विरुद्ध २५ मतांनी तो मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिले. दोन मतांनी तरलेल्या ठरावात आपल्या मताचे वजन होते, आणि ते आपण व्हिएन्नातच ठेवून आलो.

तोवर रुग्ण अगदीच वाऱ्यावर आहेत असे कोणी समजू नये. पान निर्दोष असल्यामुळे पानाचा अर्क आयुर्वेदिक परवान्यावर करता येतो. ‘विजया’ या नावाचे तेल घरपोच मिळते, कधी व्हिडिओवर पाच मिनिटे बोलून. बाटलीवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे असे छापलेले असते, कारण औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत भांगेचे नाव आहे. देखरेख करणारा कोण, हे बाटलीवर मावत नाही. काही विक्रेते सचोटीने काम करतात. काही जण सांधेदुखीपासून कर्करोगापर्यंत सगळे बरे होईल असे सांगतात, आणि कर्करोग बरा होतो याला कसलाही पुरावा नाही. कॅनाबिडिऑल घेताना रक्त पातळ करणारे वॉरफरिन किंवा आकडीवरचे क्लोबाझाम चालू असेल, तर त्या औषधांचे शरीरातले प्रमाण वाढू शकते. रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरला हे सांगता आले असते. पण रुग्ण त्याला विचारायला भितो आणि डॉक्टर लिहून द्यायला. मधली जागा बाजाराने भरली, याबद्दल बाजाराचे आभार मानायला हवेत.

आणखी एका बाबतीत आपली समज वाखाणण्यासारखी आहे. नाशिकला सिंहस्थ भरतो, साधूंच्या चिलमी पेटतात, आणि बंदोबस्तावरचा पोलीस आदराने दुसरीकडे पाहतो. महाशिवरात्रीला थंडाई घोटली जाते. श्रद्धेला मुभा, सणाला मुभा, पर्यटनाला परवाना. राहिली वेदना. तिला आखाडा नाही, मिरवणूक नाही, मतदारसंघही नाही. ती घरातल्या एका खाटेवर असते. तेव्हा तिचा क्रम शेवटी लागणे हे लोकशाहीच्या रीतीला धरूनच आहे.

म्हणून माझी सर्व नागरिकांना कळकळीची विनंती आहे, की ही घडी विस्कटू नये. आपल्या आमदारांना हे विचारू नये, की कलम १० राज्यांना या झाडाच्या लागवडीचे नियम करण्याचा अधिकार देते, मग महाराष्ट्र औषधासाठी तो कधी वापरणार. खासदारांना तर काहीच विचारू नये. कारण अत्यावश्यक अंमली औषधांच्या यादीत सातवे नाव घालायला संसदेत नवा कायदा करावा लागत नाही. केंद्र सरकारची एक अधिसूचना पुरते.